हवेपेक्षा कोरडं काही होत नाही

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ठाण्याला आठव्या मजल्यावर राहता. मे महिन्यात दक्षिणेकडच्या बाल्कनीत टोमॅटो, गवार, मेथी आणि कैरी असं चार प्रकारचं वाळवण घातलंत. टोमॅटोला चौथ्या दिवशी बुरशी आली. गवार कडक वाळल्यासारखी वाटली म्हणून बरणीत भरली, ती तीन आठवड्यांत पांढरी पडली. मेथी पिवळी, गवतासारखी झाली. कैरी काळी पडली, पण टिकली. बार्शीची आजी हे सगळं नुसत्या बाजेवर धोतर पसरून करायची, मग आपल्याकडे एवढं कडक ऊन असूनही का जमत नाही, आणि आता वाळवायचं यंत्र घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

चारांतली कैरी तेवढी टिकली, यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ते का, हे सांगायला थोडी जागा लागेल.

माझं माहेर कोकणातल्या राजापूरकडचं आणि सासर सांगली जिल्ह्यातल्या तासगावचं. म्हणजे लहानपणी आमसुलांना पुटं देताना बघितलं आणि लग्नानंतर बेदाण्याच्या शेडवर उभी राहिले. गेली सव्वीस वर्षं मी फळं-भाज्या वाळवण्याचंच काम करते, बचत गटांना शिकवतेही. तासगावला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी थक्क झाले होते. माहेरी सकाळी घातलेली फोड संध्याकाळी हाताला ओलसर लागायची, इथे त्याच जाडीची फोड दुपारी वाजायला लागली. ऊन दोन्हीकडे होतंच. हवा मात्र वेगळी होती.

वाळवण म्हटलं की आपण सगळे उन्हाचा विचार करतो, आणि पहिली चूक तिथेच होते. ऊन पदार्थातलं पाणी बाहेर यायला मदत करतं, पण बाहेर आलेलं पाणी उचलून न्यायचं काम हवेचं असतं. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ती आणखी काय उचलणार? नेमकं सांगायचं तर, एखादी वस्तू उघड्यावर कितीही दिवस ठेवली तरी भोवतालच्या हवेपेक्षा कोरडी होत नाही. ठाण्यात मे महिन्यातल्या हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असते, रात्री त्याहून जास्त. बुरशीला वाढायला साधारण तेवढीच ओल पुरते. पदार्थातली ओल ६० टक्के आर्द्रतेच्या हवेशी जुळेल इतकी खाली आली की मग बुरशी, यीस्ट, जिवाणू यांतलं काहीच वाढत नाही. म्हणजे तुमच्या बाल्कनीतली गवार सुरक्षित रेषेच्या खाली कधी उतरलीच नाही. दुपारी उन्हाने तापून ती तात्पुरती कडक झाली, तुम्हाला वाटलं वाळली. रात्री तिने तेवढंच पाणी हवेतून परत ओढून घेतलं. सादळणं म्हणतो ते हेच.

बार्शीला मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेची आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते. आजींच्या हाताला गुण होताच, पण त्यांच्या बाजेखालून जो वारा जायचा तोही त्यांच्या बाजूने होता. बाजेवर धोतर पसरण्यातही शहाणपण होतं बरं. पदार्थाला खालूनही हवा लागते. फरशीवर प्लॅस्टिक पसरून वाळवण घातलं की खालची बाजू घामेजते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बाल्कनीत बहुतेक प्लॅस्टिकच असणार.

आता कैरीकडे येऊ. कोकणातल्या वाळवणांची यादी डोळ्यांसमोर आणा: आमसुलं, आंबोशी म्हणजे कैरीच्या वाळवलेल्या फोडी, आंबापोळी, फणसपोळी, मिठातल्या मिरच्या. वसईची सुकेळीही याच रांगेतली, राजेळी केळी वाळवून केलेली, मधाच्या रंगाची. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. सगळं एकतर आंबट आहे, नाहीतर गोड, नाहीतर खारट. साखर आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात, बुरशी-जिवाणूंच्या हाती लागू देत नाहीत. आंबटपणा जिवाणूंना रोखतो. त्यामुळे पदार्थ पुरता कोरडा झाला नाही, वातड राहिला, तरी टिकतो. उलट साध्या भाजीच्या वाळवणाची खरी परंपरा घाटावर आहे, मराठवाड्यात आहे, विदर्भात आहे. तिकडे वांग्याच्या, भेंडीच्या खुला, म्हणजे वाळवलेल्या फोडी, करतात, आपल्याकडे गवारीच्या, कारल्याच्या काचऱ्या होतात. भाजीत ना साखर, ना आंबटपणा. तिला टिकायचं तर कडकडीत वाळावंच लागतं, आणि कडकडीत वाळायला कोरडी हवा लागते. कुठल्या गावात काय वाळवायचं हे आपल्या आधीच्या बायकांनी हवा बघून ठरवलं होतं. तुम्ही बार्शीची यादी ठाण्यात आणलीत. कैरी तेवढी तुमच्या हवेची होती, म्हणून ती राहिली.

आमसुलांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण समुद्राकाठी राहणाऱ्याने सगळ्यात आधी काही करावं तर हेच. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये येतात. लाल, घट्ट फळं घ्यायची, धुऊन पुसून घ्यायची, अर्धी करून बिया आणि गर बाजूला काढायचा. बिया गरासकट मिठात घालून ठेवल्या की खाली जो लालभडक रस उतरतो त्यात साली बुडवायच्या, रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी उन्हात घालायच्या. संध्याकाळी पुन्हा त्याच रसात. हे एक पुट. आमच्याकडे आई पाच-सात पुटं द्यायची. मिठाचं माझं प्रमाण एक किलो सालीला साधारण १०० ग्रॅम. दर पुटाला सालीत आंबट आणि मीठ दोन्ही साठत जातं, रंग काळपट जांभळा होत जातो, आणि शेवटी साल हाताला चामड्यासारखी लागते. बाजारात एका पुटाची आमसुलंही मिळतात. ती रंगाला लाल आणि दिसायला सुरेख असतात, पण सोलकढीत त्यांचा जीव दिसत नाही. भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं चुकूनही नको. उरलेल्या बिया फेकू नका, धुऊन वाळवल्या की त्यांचं कोकमतेल निघतं. टाचांच्या भेगांना माझ्या आईने दुसरं काही कधी लावलं नाही.

घाटावरचं उदाहरण बेदाण्याचं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे हे अनेकांना माहीत असतं, पण तो सावलीत वाळतो हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघत राहतात. शेडला वर छप्पर, बाजू उघड्या, आत जाळ्यांचे एकावर एक मजले. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी आत कोंडून ठेवतो. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. मेण मोडलं की पाण्याला वाट मिळते आणि दोन आठवड्यांच्या आसपास बेदाणा तयार होतो. नुसतं द्राक्ष ठेवलं तर त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. उन्हात वाळवला तर तो तपकिरी होतो, सावलीत हिरवट-पिवळा राहतो. म्हणजे काम सगळं वाऱ्याचं आहे. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, हवा दोन दिवस दमट झाली की शेडवर छप्पर असूनही माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. एक थेंब अंगावर न पडता. आमच्या गावात या दोन दिवसांची भीती गारपिटीइतकीच असते. घरी किलो-दोन किलो करायचे असतील तर त्या रसायनांची गरज नाही. सुटी द्राक्षं उकळत्या पाण्यात २०-३० सेकंद धरून लगेच थंड पाण्यात टाका, सालीला बारीक चिरा पडतात, तेवढं पुरतं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो.

मग ठाण्यात राहून भाजी वाळवायचीच असेल तर? दोन मार्ग आहेत.

पहिला बिनपैशाचा आहे आणि त्यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही: मे सोडा, जानेवारी धरा. मे म्हणजे पावसाच्या तोंडावरचा महिना, समुद्रावरून येणारी हवा पाण्याने जड झालेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत अनेक दिवस वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. ऊन कोवळं वाटतं, पण ओठ फुटतात ना, तीच वाळवणाची हवा. शिवाय मेथी, गाजर, मटार, आवळा, टोमॅटो हे सगळं तेव्हाच स्वस्त आणि चांगलं मिळतं. वीस-पंचवीस रुपयांना मेथीच्या दोन जुड्या मिळत असताना मे महिन्यातली महाग मेथी वाळवायची कशाला?

दुसरा मार्ग म्हणजे हवा तापवणं. ३२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा घेतली आणि नुसती ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची पाणी पिण्याची ताकद वाढते. आर्द्रता २७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ठाण्याची हवा एका डब्यात सांगलीची झाली. घरगुती डिहायड्रेटर एवढंच करतो: खाली किंवा मागे तापणारी तार, पंखा, आणि जाळीचे ट्रे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, भाज्या वाळवायच्या असतील आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी वापरणार असाल तर घ्या. घेताना दोन गोष्टी बघा. तापमान ३५ ते ७० अंशांमध्ये लावता आलं पाहिजे, आणि पंखा मागच्या बाजूला असेल तर ट्रेची अदलाबदल कमी करावी लागते. टायमर, काचेचं दार वगैरे नसलं तरी अडत नाही. विजेचा हिशोब घाबरण्यासारखा नाही. ५०० वॉटचं यंत्र १० तास अखंड चाललं तर ५ युनिट. फक्त आमसुलं आणि आंबोशीच करणार असाल तर मात्र पैसे वाचवा, त्यांना यंत्र नको.

ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत, वाळवू का, असं पुढे विचाराल. बहुतेक ओटीजींचं सगळ्यात कमी तापमानही जास्तच असतं, आणि आत ओल बाहेर जायला वाट नसते. भाजी वाळण्याआधी शिजते. मायक्रोवेव्ह तर नकोच, कडा जळतात आणि मधोमध ओलं राहतं. गच्ची वापरायची परवानगी असेल तर काचेच्या झाकणाची, आतून काळी रंगवलेली पेटी करा, खालच्या बाजूने हवा आत यायला भोकं आणि वरच्या टोकाला बाहेर पडायला धुराड्यासारखी वाट. वरचं भोक विसरलात तर ती पेटी म्हणजे वाफेचा डबा होतो. सौर वाळवणीत आपल्याकडे मोठं काम झालंय. वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांच्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या कंपनीने शेतकरी बायकांच्या हाती सौर ड्रायर दिले, त्या कामाला २०२३ सालचा अर्थशॉट हा पर्यावरणासाठीचा पुरस्कार मिळाला. गावाकडे राहणाऱ्या गटांना मी नेहमी आधी सौर ड्रायरच सुचवते.

यंत्र आलं की नवशिके एक चूक हमखास करतात. मीही केली होती. लवकर व्हावं म्हणून टोमॅटोचं तापमान ७५ वर नेलं. चार तासांत फोडी कडक, वाजायला लागल्या. खूश होऊन बारा किलोंचा माल भरून ठेवला. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर आंबूस वास आणि फोडींच्या पोटात हिरवट बुरशी. झालं असं होतं की बाहेरचा थर झटकन वाळून त्याचं कवच झालं आणि आतलं पाणी आतच कोंडलं. वाळवताना आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढा वेळ दिला नाही तर पदार्थ फसवतो. म्हणून भाज्या ५०-५५ अंशांवर, टोमॅटो आणि फळं ५५-६० वर, मेथी, पुदिना, कढीपत्ता ४० वर. जास्त नाही. काप एकसारख्या जाडीचे, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, आणि ट्रेवर एकमेकांना न चिकटता. या कामात यंत्रापेक्षा चिरणाऱ्याचा हात जास्त महत्त्वाचा आहे. जाड-पातळ चिरलंत तर पातळ करपेल तेव्हा जाड ओलं असेल, आणि बरणीत तो एक जाड तुकडा सगळ्यांना बुडवेल.

तुमचे चारही पदार्थ आता नावानिशी घेते.

गवारीला आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात काढायला हवं होतं. भाजी खुडली तरी तिच्यातली विकरं (एन्झाइम्स) जागी असतात आणि वाळल्यावरही हळूहळू काम करत राहतात. रंग जातो, वासाला वाळलेल्या गवतासारखी लागते. कढत पाणी त्यांना थांबवतं. गाजर, मटार, फरसबी, फ्लॉवर यांनाही हेच. कांदा, लसूण, मिरची, भेंडी यांना नको. जुनी पद्धत गवार मीठ घातलेल्या आंबट ताकात बुडवून मग उन्हात घालायची, आणि ती पद्धत मला आजही आवडते. ताकाचा आंबटपणा आणि मीठ दोन्ही राखणदार होतात, आणि तळल्यावर जी चव येते ती नुसत्या गवारीला येत नाही. वरण-भाताबरोबर चार शेंगा तळून बघा. पांढरी पडलेली बरणी मात्र सरळ टाकून द्या. बुरशी पुसून, पुन्हा ऊन दाखवून वापरायची सवय आपल्याकडे फार आहे. काही बुरश्या जे विष सोडतात ते पुसून जात नाही आणि तळूनही जात नाही.

टोमॅटो लांबट, गराचे घ्या. गोल रसाळ टोमॅटोत नुसतं पाणी असतं. उभे दोन किंवा चार तुकडे करून बियांचा बुळबुळीत भाग काढा, चिरलेली बाजू वर करून ठेवा म्हणजे रस आतच आटतो, वर किंचित मीठ. ६० अंशांवर दहा-बारा तास, कधी जास्तही. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असतं, म्हणून मे महिन्यात बाल्कनीत हा प्रयोग करायला तो सगळ्यात कठीण पदार्थ होता. तुमचा त्यात दोष नाही. एक गोष्ट कळकळीने सांगते: वाळवलेले टोमॅटो आणि लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेले सुंदर दिसतात, पण तसं करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझमचा जिवाणू अशाच जागी विष तयार करतो. त्याला वास नाही, चव नाही. तेलात घालायचेच तर थोडे, फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत संपवा.

मेथी पिवळी पडली ती थेट उन्हाने. हिरवा रंग उजेडात टिकत नाही, अ जीवनसत्त्वाचा मूळ घटकही उन्हाने कमी होतो. पालेभाजी नेहमी सावलीत. पानं खुडून, धुऊन, पाणी पूर्ण निथळून कापडावर पसरा आणि पंखा लावा. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांत चुरचुरीत होते. दमट दिवसांत पंख्याखाली ती सुकेल, पण मऊ राहील, तेव्हा शेवटचे दोन तास यंत्रात ४० वर. घरची मेथी वाळवून कसुरी मेथीचा वास येत नाही अशी तक्रार बऱ्याच जणी करतात. तो येणार नाही. कसुरी मेथी ही वेगळ्या जातीची मेथी आहे, पाकिस्तानातल्या कसूर गावाचं नाव तिला आहे. आपली मेथी आपल्या चवीची. थालीपिठात, पिठल्यात, वरणात ती छान लागते.

कैरी काळी पडायची दोन कारणं. लोखंडी विळीवर चिरली असेल तर कैरीतली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काळी होतात. आणि चिरून बराच वेळ उघडी राहिली असेल तर सफरचंद काळवंडतं तशी ती काळवंडते. स्टीलची सुरी घ्या, चिरता चिरता फोडी मिठाच्या पाण्यात टाकत जा, मग निथळून हळद-मीठ चोळून उन्हात. थोडी काळपट झाली तरी आंबोशी बिघडत नाही. आमटीत, माशाच्या कालवणात तुमचीही चालेल. ती काळी म्हणून टाकू नका.

आता वाळलं हे ओळखायचं कसं. बोटांनी दाबून, मोडून बघतात ते ठीक आहे: भाजी कट्कन मोडली पाहिजे, फळ वातड हवं पण दाबल्यावर ओल दिसता कामा नये, आणि बघायचं ते थंड झाल्यावर, गरम असताना सगळंच मऊ लागतं. पण माझा भरवसा वजनकाट्यावर आहे. एक किलो गाजराच्या चकत्यांत ८८ टक्के पाणी, म्हणजे घन भाग १२० ग्रॅम. वाळल्यावर सात-आठ टक्के ओल राहू द्यायची तर शेवटचं वजन १३० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. १६० भरलं तर हाताला कितीही कडक लागो, आत पाणी आहे. टोमॅटोचं असंच, किलोचे ६५ ग्रॅम. ट्रेचं वजन आधी लिहून ठेवा, चिरलेल्या मालाचं लिहा, मग हिशोब सोपा. त्या बारा किलो टोमॅटोंच्या वेळी मी वजन केलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

बरणीत भरायची घाई करू नका. थंड झालेला माल काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठ-दहा दिवस रोज एकदा हलवा. काही तुकडे जास्त कोरडे, काही थोडे ओले असतात, ते या दिवसांत एकमेकांत ओल वाटून घेतात. काचेवर आतून दव दिसलं किंवा तुकडे चिकटून गोळा झाले तर सगळं परत ट्रेवर. तुमच्या गवारीला हे आठ दिवस मिळाले असते तर ती पांढरी व्हायच्या आधी तुम्हाला सांगून गेली असती.

उघड्यावर वाळवलेल्या मालात माशा-पाखरांची अंडी असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत. हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड मालावर हवेतलं पाणी जमतं आणि केलेलं सगळं वाया जातं. खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. मग लहान लहान बरण्या करा. एक मोठी बरणी पावसाळ्यात वीस वेळा उघडली जाते आणि वीस वेळा दमट हवा आत घेते. लहान बरणी उघडली की आठवड्यात संपते. जागा अंधारी आणि गार हवी, गॅसच्या वरचं कपाट नको. आषाढात आणि श्रावणात एकदा प्रत्येक बरणी उजेडात धरून बघायची, आमच्याकडे हे काम नागपंचमीच्या आत उरकतात.

बरणीतला माल वापरतानाही एक खोच आहे. भाजी भिजवताना त्या पाण्यात मीठ, चिंच, टोमॅटो काही घालू नका, भाजी मऊ व्हायला वेळ लागतो. कढत पाण्यात अर्धा-पाऊण तास, तेच पाणी भाजीत वापरायचं. रात्रभर ओट्यावर भिजत ठेवायची नाही. ओली झाली की ती पुन्हा ताजी भाजी आहे आणि ताज्या भाजीसारखीच बिघडते.

आत्ता मे संपत आलाय, यंत्र यायला वेळ लागेल, तर तोवर बाजारात शेवटचे रातांबे मिळतायत का बघा. दोन किलो पुरे. पुटं दिवसा बाल्कनीत आणि रात्री घरात, बाजेऐवजी स्टीलची जाळी दोन विटांवर ठेवलीत तरी चालेल. ढग आले तर साली रसातच राहू द्या, एखादा दिवस जास्त राहिल्या तर काही बिघडत नाही. गवार डिसेंबरात.